लडाखचे घर आणि हिवाळ्याची बेगमी

इतिहासाच्या साधनांची मोजदाद करताना आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी, करीने आणि कागदपत्रे यांची नावे घेतो. घर हेही इतिहासाचे एक साधन आहे, ही गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. राजवाडे व मंदिरे यांचे वर्णन आपण करतो, कारण त्यांच्यामागे कर्त्या पुरुषाचे नाव उभे असते. शेतकऱ्याच्या घरामागे असे नाव नसते. तरीही तो कोणत्या संकटाला भीत होता, त्या संकटाशी त्याने कोणता करार केला होता आणि वर्षातील कोणते दिवस त्याने कोणत्या दिवसांसाठी राखून ठेवले होते, हे त्या घराच्या भिंतींची जाडी, चुलीची जागा आणि कोठारांची दिशा पाहिली असता कळून येते. डोंगराळ मुलखातील कडक हिवाळ्याच्या बाबतीत तर असे म्हणता येईल की, तेथे घर हीच मुळी हिवाळ्याची तयारी असते. प्रस्तुत लेखात या विधानाचा विचार लडाखच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका वाटू नये. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, जळण कोरड्यात घालणे, मीठ-मिरची, डाळी, सुकी मासळी, पापड-सांडगे यांची बेगमी करणे, गुरांची वैरण माळ्यावर चढविणे, ही कामे कोकणात व गोमंतकात मृग नक्षत्रापूर्वी उरकावी लागत. बेगमी हा शब्दच आपल्या भाषेत त्या धास्तीतून आणि त्या शहाणपणातून घरचा झालेला आहे. परंतु आपल्या पावसाळ्यात आणि लडाखच्या हिवाळ्यात एक मूलभूत भेद आहे. आपला पावसाळा मार्ग अडवितो, पण त्याच वेळी शेत पिकवितो. लडाखचा हिवाळा मार्ग, शेत आणि ओढा या तिन्ही गोष्टी एकदम बंद करतो. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन होत असे आणि मोहिमा निघत. लडाखात साधारणपणे त्याच सुमारास सीमा मिटू लागत आणि माणूस घराकडे वळे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५०० फूट उंचीवर आहे. वर्षभरात तेथे पडणारा पाऊस व बर्फ मिळून पाणी जेमतेम चार इंच भरते. हिमालयाच्या मुख्य रांगेने मोसमी वारे अडविल्यामुळे हा प्रदेश थंड वाळवंट बनला आहे. हिवाळ्यात लेह येथे रात्रीचे तपमान शून्याखाली २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि द्रास येथे त्याहूनही पुष्कळ खाली जाते. लेहच्या आसपास बर्फ थोडे पडते, पण झंस्कार आणि द्रास या भागांत ते इतके पडते की गावागावांतील दळणवळण तुटते. काश्मीरकडून येणारी जुनी वाट जोजी खिंडीतून जाते. ही खिंड लेहइतकीच उंच असली, तरी काश्मीरकडील ओल्या वाऱ्यांच्या तडाख्यात सापडल्यामुळे ती मार्गशीर्षाच्या सुमारास बर्फाने भरून जाई आणि वैशाखापर्यंत मोकळी होत नसे. शेतीला उरत ते चार-पाच महिने. उरलेल्या सात महिन्यांचे अन्न, जळण, वैरण आणि वस्त्र या चार-पाच महिन्यांतूनच काढावे लागे. लडाखच्या सामाजिक इतिहासाचे सारे गणित या एका वजाबाकीत सामावलेले आहे.

आता घर कसे असे ते पाहू. पाण्याखालची जमीन दुर्मिळ, म्हणून घर बहुधा शेतात नव्हे, तर शेताच्या कडेला, खडकाळ उतारावर बांधीत. आणि शक्य तेथे तो उतार दक्षिणेकडे तोंड केलेला निवडीत. खालच्या मजल्याच्या भिंती दगडमातीच्या असत आणि वरच्या मजल्याच्या उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांच्या किंवा चोपून घट्ट केलेल्या मातीच्या. भिंतीची जाडी दोन फुटांच्या आसपास असे. मातीची जाड भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू परत करते. लडाखात थंडी कितीही असली तरी आकाश बहुतेक निरभ्र असते, त्यामुळे ऊन हे तेथील सर्वांत भरवशाचे जळण होय. दक्षिणेकडे खिडक्या, उत्तरेकडे कोरी भिंत किंवा कोठारे, असा घराचा तोंडवळा ठरलेला असे. उत्तरेकडची धान्याची खोली दोन कामे करी: तिच्यातील धान्य थंड राही आणि ती स्वतः राहत्या खोलीला उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा देई.

तळमजल्यावर गुरे, शेळ्यामेंढ्या आणि वैरण. तेथे खिडक्या जवळजवळ नसतच. गोठ्याची ऊब वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसांना मिळे. आपल्याकडेही गुरे घरातच बांधण्याची चाल अनेक ठिकाणी होती. परंतु लडाखात त्या चालीला केवळ राखणीचा नव्हे, तर उबेचा अर्थ आहे. जनावर हे दूध, लोकर व खत देणारे धन असून शिवाय ते जिवंत शेकोटीही असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुष्कळ घरांतून हिवाळ्यासाठी निराळे स्वयंपाकघर तळमजल्यावरच, गोठ्याला लागून असे. थंडी वाढली की घरातील सारे माणूस वरचा प्रशस्त मजला सोडून या खालच्या, बुटक्या आणि अंधाऱ्या खोलीत उतरे. घर हिवाळ्यात आकसे, असे म्हणावयास हरकत नाही. इतर खोल्या थंड पडू दिल्या जात आणि एकच खोली उबदार ठेवली जाई. जळण थोडे असेल तेथे सगळे घर तापविण्याचा विचारही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

घराचे छप्पर सपाट मातीचे. मराठवाड्यातील माळवद किंवा खानदेशातील धाबे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची रचना लगेच ओळखू येईल. आपल्याकडे तुळयांवर किलचण, त्यावर पाला आणि त्यावर माती पसरतात. लडाखात पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या बारीक काठ्या, त्यावर गवत वा झुडपांचा थर आणि त्यावर माती दाबून बसवितात. सर्वांत वर ‘मरकालक’ नावाच्या चिकण मातीचा लेप देतात. माती कमी उष्णता वाहून नेते आणि जाड थर दिल्यास ती उत्तम पांघरूण ठरते, हे ज्ञान दोन्ही प्रदेशांत स्वतंत्रपणे रुजले. एका ठिकाणी ते उन्हाळ्याच्या काहिलीविरुद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी हिवाळ्याच्या गारठ्याविरुद्ध. लडाखात पाऊस नगण्य असल्यामुळे असे छप्पर टिकते. बर्फ मात्र साचू देऊन चालत नाही, कारण ते वितळले की माती भिजते. म्हणून बर्फ पडले की छतावर चढून ते लाकडी फावड्याने ढकलून देणे हे घरातील माणसांचे नित्याचे काम असे.

या छताचा दुसरा उपयोगही तितकाच महत्त्वाचा होता. शरद ऋतूत छताच्या कडेने लसूणघासाच्या पेंढ्या, वाळके गवत, काटेरी झुडपे आणि गोवऱ्या यांच्या थप्प्या रचल्या जात. गावाबाहेरून पाहणाऱ्याला घराची श्रीमंती त्या थप्प्यांवरून मोजता येई. आपल्याकडे कणगी आणि पेव पाहून शेतकऱ्याची पत ठरत असे, तसाच हा प्रकार. शिवाय या थप्प्या भिंतीच्या माथ्याला वाऱ्यापासून झाकीत. साठा हीच ऊब आणि साठा हेच कुंपण, असा हा हिशेब होता.

जळणाची तयारी वसंतापासून चाले. झाडे थोडी आणि ती तुळयांसाठी राखलेली. म्हणून मुख्य भिस्त शेणावर होती. उन्हाळ्यात जनावरे उंच कुरणांवर नेली जात आणि तेथे याक, गाय व मेंढी यांचे शेण गोळा करून, वाळवून, पाठीवरच्या टोपल्यांतून किंवा जनावरांवर लादून खाली आणले जाई. त्याच्या जोडीला ‘बुर्त्से’ नावाचे ठेंगणे झुडूप मुळासकट उपटून आणीत. शेण जाळल्यावर शेताला खत कोठून मिळावयाचे? या प्रश्नाचे उत्तर लडाखच्या घराने आपल्या शौचकूपातून दिले आहे. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीत एक भोक, खाली बंद खोली, आणि प्रत्येक वापरानंतर माती व चुलीतील राख टाकण्याची शिस्त. पाण्याचा थेंबही नको असल्यामुळे गोठण्याची भीती नाही. आणि वर्षाकाठी जे खत तयार होई ते शेतात जाई. अशा रीतीने चुलीची राख, माणसाची विष्ठा, शेतातील जव आणि पुढच्या हिवाळ्याचे अन्न ही एकाच साखळीची कडी होती.

वैरणीचा प्रश्न माणसाच्या अन्नाइतकाच बिकट होता. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज पशुवैद्य १८२० ते १८२२ या काळात लेह येथे राहिला. त्याचा प्रवासवृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १८४१ साली होरेस हेमन विल्सन याने संपादून प्रसिद्ध केला. द्रासच्या आसपास वाळवून हिवाळ्यासाठी साठविल्या जाणाऱ्या ‘प्रांगोस’ या रानवनस्पतीची मूरक्रॉफ्टवर इतकी छाप पडली की, तिची लागवड इंग्लंडमध्ये करावी असे त्याला वाटू लागले. घोड्यांच्या शोधात मध्य आशियाकडे निघालेल्या या माणसाने लडाखी शेतकऱ्याच्या वैरणीकडे इतक्या आदराने पाहावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. घराच्या तयारीतील ज्ञान परक्या पण जाणत्या नजरेला लगेच दिसले.

धान्याची कापणी भाद्रपद-आश्विनात होई. मुख्य पीक बिनटरफली जव. तो तापलेल्या वाळूत भाजून त्याचे पीठ करीत. आपल्या सातूच्या पिठाचे हे सख्खे भावंड. या पिठाचा मोठा गुण असा की ते आधीच भाजलेले असल्यामुळे खाताना पुन्हा शिजविण्याची गरज नसते. चहात किंवा ताकात कालवले की जेवण झाले. जळणाची तूट असलेल्या देशात अन्न कोणते निवडले गेले, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. दळण पाणचक्कीवर होई. आणि ओढा गोठला की पाणचक्की थांबे. म्हणून भाजणे आणि दळणे ही कामे ओढ्याशी शर्यत लावून करावी लागत. सलगम, मुळे व गाजरे जमिनीत खड्डे घेऊन पुरून ठेवीत. आपण धान्याची पेवे करतो, ते भाज्यांची करीत, कारण गोठलेल्या जमिनीच्या पोटात भाजी गोठतही नाही आणि सडतही नाही. पालेभाज्या छतावर वाळवीत. सखल खोऱ्यांतील जर्दाळू वाळवून ठेवीत. ताकापासून काढलेला चोथा वाळवून त्याचे खडे करीत. थंडी पुरती बसली म्हणजे थोडी जनावरे मारून मांस टांगून ठेवीत. थंडी स्वतःच त्याची राखण करी. जनावरे कमी केल्याने वैरणीवरचा भारही उतरे.

काही गोष्टी मात्र कोणत्याही घराला एकट्याने मिळविता येत नसत. मीठ आणि लोकर पूर्वेकडील चांगथांगच्या पठारावरून येई. तेथील भटके मेंढपाळ, चांगपा, आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या लादून खाली येत आणि बदल्यात जव घेऊन जात. पठारावर जव पिकत नाही आणि खोऱ्यात मीठ निघत नाही. म्हणजे दोघांच्याही हिवाळ्याची बेगमी एकमेकांच्या हाती होती. लोकर घरात आली की हिवाळ्याचे काम सुरू होई. पुरुषही चाती फिरवीत. मागावर जाड लोकरी कापड विणले जाई. हिवाळा हा जसा उपभोगाचा, तसाच घरकामाच्या उत्पादनाचाही काळ होता. आणि तो कथेचाही काळ होता. केसर राजाची महाकथा हिवाळ्याच्या रात्रीच सांगण्याचा प्रघात होता. मोरेव्हियन मिशनचे विद्वान आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी या कथेचा लडाखी पाठ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केला. लडाखी नववर्ष, लोसार, हेही ऐन हिवाळ्यात येते. तिबेटाहून ते सुमारे दोन महिने आधी साजरे होते. ही प्रथा सतराव्या शतकाच्या आरंभीच्या जामयांग नामग्याल या राजाच्या बाल्टिस्तानवरील स्वारीशी परंपरेने जोडली जाते. कारण काहीही असो, कोठार भरलेले असताना सण करावा, हे शेतकऱ्याला पटण्याजोगेच होते.

घर केवळ माती-लाकडाचे नसते. ते माणसांच्या नात्यांचेही असते. लडाखात जमीन विभागण्याची चाल नव्हती. मोठ्या मुलाचे लग्न झाले की आईबाप ‘मोठे घर’ त्याच्या स्वाधीन करून शेजारच्या ‘धाकट्या घरात’ राहावयास जात. भावाभावांत एकच पत्नी असण्याची जी रीत होती, ती १९४०नंतर कायद्याने बंद झाली. तिच्याकडे परक्या प्रवाशांनी कुतूहलाने किंवा तिरस्काराने पाहिले. परंतु तिच्यामागे शेत आणि कोठार अखंड राहावे हा विचार होता. अर्ध्या शेतावर पूर्ण हिवाळा निघत नाही. या व्यवस्थेची किंमत अविवाहित राहिलेल्या स्त्रियांनी आणि मठात पाठविलेल्या मुलांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे. एकाच कुलदेवतेच्या घरांचा ‘फासपुन’ नावाचा गट जन्म, लग्न आणि मृत्यू या प्रसंगी धावून येई. कापणीत एकमेकांच्या शेतावर राबण्याची आणि पाळीपाळीने गावाची शेळ्यामेंढ्या चारण्याची पद्धत होती. ऐन हिवाळ्यात एखाद्या घरी मरण आले, तर गोठलेल्या दिवसांत सरण रचणे हेसुद्धा एका घराच्या आवाक्याबाहेरचे काम असे. कारगिल, सुरू व द्रास येथील मुसलमान गावांत श्रद्धा निराळी, सण निराळे. पण घराची ठेवण आणि बेगमीची रीत पुष्कळशी हीच होती.

येथपर्यंत निसर्गाचा विचार झाला. परंतु हिवाळ्याच्या तयारीवर राज्यकर्त्यांचाही हात पडत होता, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने हा भाग विशेष मोलाचा आहे. १८३४ पासून जम्मूच्या गुलाबसिंहाचा सेनापती जोरावरसिंह याने लडाख जिंकण्यास आरंभ केला आणि पुढे हा प्रदेश डोगरा राज्यात गेला. करभार वाढला, त्याखेरीज हमरस्त्यावरील गावांना प्रवासी, अधिकारी आणि व्यापारी यांचे सामान पाळीपाळीने वाहून नेण्याची सक्ती होती. १८७०च्या व्यापारी तहानंतर यारकंदच्या वाटेवर वर्दळ वाढली, तसा हा बोजाही वाढला. खिंडी ज्या महिन्यांत मोकळ्या, त्याच महिन्यांत शेताची कामे, त्याच महिन्यांत कुरणे, त्याच महिन्यांत जळण. ओझ्यावर गेलेला माणूस आणि तट्टू दहा दिवसांनी परतले, तर ते दहा दिवस पुढच्या माघातून वजा होत. उन्हाळा हिरावून घेणे म्हणजेच हिवाळा हिरावून घेणे, हे वेठीचे खरे स्वरूप होते. दरबारच्या दप्तरात ती काही दिवसांची चाकरी दिसते. घराच्या हिशेबात ती अर्धवट भरलेली कोठी दिसते.

या विचाराची उलट बाजू जोरावरसिंहाच्याच अखेरच्या मोहिमेत पाहावयास मिळते. लडाखवरील पहिल्या स्वारीत थंडी येताच त्याची फौज सुरूच्या खोऱ्यात वस्तीच्या आश्रयाला राहिली आणि तगली. १८४१ साली मात्र तो पाच-सहा हजार लोकांनिशी पश्चिम तिबेटात घुसला आणि मानसरोवराच्या पलीकडे तकलाकोटपर्यंत पोहोचला. हिवाळा उतरला तेव्हा परतीच्या खिंडी बंद झाल्या होत्या. सुमारे १५,००० फूट उंचीच्या पठारावर जळण नव्हते. सैनिकांची हाताची व पायाची बोटे हिमदंशाने गेली; काहींनी ऊब मिळविण्यासाठी आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असे अलेक्झांडर कनिंगहॅम याने लडाखवरील आपल्या १८५४च्या ग्रंथात नोंदविले आहे. १२ डिसेंबर १८४१ रोजी जोरावरसिंह लढाईत पडला आणि त्याच्या फौजेतील फारच थोडे लोक घरी परतले. त्याच हिवाळ्यात, त्याच आकाशाखाली, त्या पठारावरचे मेंढपाळ आणि खोऱ्यांतले शेतकरी आपापल्या तंबूंत व घरांत नेहमीप्रमाणे राहिले. सैन्याजवळ शौर्य होते, शस्त्रे होती. शेणाची थप्पी नव्हती. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला येथे १७६०-६१च्या पानिपतच्या छावणीतील थंडी आणि दाणावैरणीचा तुटवडा आठवल्यावाचून राहणार नाही. लष्करी इतिहासात अशा घटना सेनापतीच्या चुका म्हणून येतात. घराच्या इतिहासातून पाहिले तर त्या बेगमीच्या अभावाच्या कथा आहेत.

या जुन्या व्यवस्थेचे काव्यमय चित्र रंगविण्याचा मोह आवरला पाहिजे. धुराडे नसलेल्या खोलीतील शेणाच्या धुराने डोळे आणि छाती कायमची बिघडत. मुले व वृद्ध हिवाळ्याला बळी पडत. वसंत लागता लागता कोठार रिते होई, आणि शेत हिरवे होण्यापूर्वीचे ते आठवडे सर्वांत कठीण असत. पाणी आणण्यासाठी गोठलेल्या ओढ्याचे बर्फ फोडण्याचे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येई. शिवाय ही व्यवस्था अचलही नव्हती. १८८५ साली लेह येथे स्थिरावलेल्या मोरेव्हियन मिशनऱ्यांनी आणि त्याआधी लाहूलात आलेल्या त्यांच्या बांधवांनी बटाट्यासारखी पिके आणि सुयांवर मोजे विणण्याची कला रुजविण्यास मोठा हातभार लावला. सलगमाच्या पेवात बटाटा सहज सामावला. पत्र्याची चूल आणि धूर बाहेर नेणारी नळी आली, तिचेही स्वागत झाले. उपयुक्त नवीन गोष्ट नाकारण्याइतके हे घर हटवादी नव्हते. नवीन वस्तू आपल्या हिशेबात बसते की नाही, एवढेच ते पाहत असे.

खरा पालट विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला. १९४८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेजर पृथीचंद यांच्या नेतृत्वाखालील लाहूली सैनिकांची लहानशी तुकडी ऐन हिवाळ्यात जोजी खिंड ओलांडून लेहच्या रक्षणासाठी आली; हिमप्रदेशात वाढलेल्या माणसांनाच ते साधण्याजोगे होते. अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक मजुरांच्या साह्याने धावपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ रोजी तेथे पहिले विमान उतरले. १९४९ नंतर यारकंदचा व्यापार संपला. पुढे तिबेटची सीमाही मिटली आणि चांगथांगच्या देवघेवीचे जुने जाळे विस्कटले. १९६२च्या सुमारास श्रीनगर-लेह मोटाररस्ता झाला. १९७४ मध्ये प्रदेश प्रवाशांना खुला करण्यात आला. रस्त्याने धान्य, रॉकेल आणि सिमेंट आले. सैन्यात व सरकारी कामांत रोख पगार मिळू लागला. उन्हाळा आता शेतावर न घालविता मजुरीवर घालविता येऊ लागला आणि हिवाळा विकत घेता येऊ लागला.

यात दोष कोणाला द्यावयाचा? भुकेचे ते आठवडे संपले, आजारी माणसाला विमानाने नेता येऊ लागले, मुले शाळेत गेली. परंतु त्याबरोबर घराची रचनाही बदलली. सिमेंट-काँक्रीटची पातळ भिंत उष्णता भराभर बाहेर टाकते; मातीच्या भिंतीने जे काम फुकट केले, ते काम करण्यासाठी तिच्या पोटात रॉकेलची किंवा कोळशाची शेगडी सतत पेटवावी लागते. नळाचे शौचकूप माघात गोठते. गोठा घराबाहेर गेला, तशी खालून येणारी ऊबही गेली. दुसऱ्या बाजूने, ५ व ६ ऑगस्ट २०१० यांमधल्या रात्री लेहच्या परिसरात ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसे मरण पावली आणि चिखलाच्या लोंढ्यांनी असंख्य मातीची घरे वाहून नेली. त्या आपत्तीनंतर मातीच्या घरावरचा लोकांचा विश्वास डळमळला, हे समजण्यासारखे आहे. चार इंच पावसावर बेतलेले घर निराळ्या पावसाला तोंड देऊ शकत नाही. म्हणून जुने घर जसेच्या तसे उभे करा, असा उपदेश करणे हाही एक प्रकारचा अविचारच ठरेल.

तरीही जुन्या घरातील विचार वाया गेलेला नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप या संस्थेने दक्षिणेकडील भिंतीला काळा रंग देऊन तिच्यापुढे काच बसविण्याची पद्धत लडाखात पसरविली. भिंत ऊन पिते आणि काच ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सेकमॉल या शैक्षणिक चळवळीने लेहजवळ फे येथे चोपलेल्या मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडील काचा यांच्या आधारे उभारलेले आपले विद्यालय थंडीत जवळजवळ केवळ उन्हावर उबदार राहते, हे दाखवून दिले. काच नवी, पण दक्षिणेकडे तोंड, जाड माती आणि एकत्र बसण्याची उबदार जागा ही तीनही तत्त्वे शेतकऱ्याच्या घरातूनच आलेली आहेत. बटाटा जसा सलगमाच्या पेवात सामावला, तशी काच मातीच्या भिंतीत सामावली.

आज खिंडी पूर्वीसारख्या मिटत नाहीत. २०२० मध्ये रोहतांगखालील बोगदा खुला झाल्याने लाहूलचे हिवाळ्यातील एकटेपण पुष्कळसे संपले. जोजी खिंड बंद राहण्याचा काळही अलीकडच्या वर्षांत महिन्या-दोन महिन्यांवर आला आहे. हे लोकांच्या सुखाचे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र घराने करावयाची बेगमी आता रस्त्याने करावयाची झाली आहे, एवढी जाणीव असावी. रस्ता हा कोठारासारखा नसतो. तो आज भरलेला आणि उद्या रिता असू शकतो. पूर्वी हिवाळ्याची चिंता प्रत्येक घराला स्वतः वाहावी लागे, आणि ती वाहण्याची विद्या प्रत्येक घरात असे. आता चिंता दूरच्या यंत्रणेकडे गेली आहे आणि विद्या वृद्धांच्या हातांत उरली आहे. मरकालक कोणत्या टेकडीचे चांगले, सलगम किती खोल पुरावे, ओढा गोठण्यापूर्वी किती दिवस आधी दळण संपवावे, या गोष्टी कोणत्याही दप्तरात लिहिलेल्या नाहीत.

हे केवळ लडाखचे म्हणणे नव्हे. आपल्याकडे माळवदे उतरली आणि शाकारणीचे गवत मागे पडले, तेव्हा त्यांच्याबरोबर किती ज्ञान गेले, याची नोंद आपण कितपत केली? राजकीय इतिहासाचे कागद जपण्यासाठी आपल्या संस्थांनी जे कष्ट घेतले, त्यांच्या एक दशांश कष्टांत प्रत्येक शाळेच्या पंचक्रोशीतील चार जुनी घरे मोजून, त्यांचे आराखडे काढून, त्यांत राहिलेल्या वृद्धांना बेगमीचे वर्ष महिन्यामहिन्याने विचारून लिहून ठेवता येईल. हे काम शिक्षकाच्या आवाक्यातले आहे आणि विद्यार्थ्यांना ते आवडेलही. घर पडते तेव्हा त्याचे लाकूड आणि दगड पुन्हा वापरता येतात. त्यातले शहाणपण मात्र कोणी वेळीच विचारून घेतले असेल तरच उरते.